पाणी आत गेलं नव्हतं

माझ्या सुनेच्या प्रबंधात आभाराचं एक पान आहे. प्रबंध इंग्रजीत आहे. तेवढं पान तिनं मराठीत लिहिलं, सासूला वाचता यावं म्हणून. त्यात एक वाक्य असं आहे : 'सासूबाईंच्या हातून नकळत माझं एका पावसाळ्याचं काम वाहून गेलं, पण पुढचा सगळा पावसाळा माझ्यासोबत पायी फिरून त्यांनी ते मला परत मिळवून दिलं.' वाक्य मायेनं लिहिलेलं आहे. त्याचा दुसरा भाग खरा आहे. पहिला खोटा आहे, आणि तो खोटा असल्याचं मला सुरुवातीपासून माहीत होतं. माझी बायको गेल्या हिवाळ्यात वारली. हे मी ती असताना लिहायला हवं होतं.

समुद्रपूरला बसस्टँडच्या रस्त्यावर आमचं घर आहे. पुढच्या खोलीत माझं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान, मागं स्वयंपाकघर, मधे एक पडदा. चाळीस वर्षं मी त्या टेबलाशी बसलो. आधी रेडिओ, मग टेप, मग टीव्ही, मग लग्नाच्या मंडपातले ॲम्प्लिफायर. माझं काम बायकोनं कधी शिकून घेतलं नाही, पण तिचं नाक फार तयार होतं. भाजी परतता परतता पडद्याआडून म्हणायची, "अजी, ट्रान्सफॉर्मर गेला वाटते तुमचा." आणि तो गेलेलाच असायचा. कधी म्हणायची, "आज नुसती वायर जळली, जास्त नाई." गिऱ्हाइकं हसायची. एकजण म्हणाला होता, "काका, दुकानाच्या पाटीवर काकूचंच नाव लिवा." हे आधी सांगून ठेवतो, कारण पुढं ते लागणार आहे.

पाच-सहा वर्षांपूर्वी माझ्याकडं काम फारसं राहिलं नव्हतं. लोक टीव्ही दुरुस्त करत नाहीत, बदलतात. भजनी मंडळाचा ॲम्प्लिफायर, एखादा मोबाइलचा चार्जर, एवढंच यायचं. मुलगा हिंगणघाटला जिनिंगच्या ऑफिसात होता, सून तिथंच कॉलेजात तासांवर शिकवायची. दोघं सकाळच्या एसटीनं जायची. सून तळेगावकडची, शेतकऱ्याच्या घरची, आणि तिनं संशोधनाला विषयही घरचाच घेतला होता : कपाशीच्या वावरातलं तण, धुऱ्या-बांधावरच्या रानभाज्या आणि गिरडच्या टेकडीवरचं गवत. दर पावसाळ्यात ती वावरावावरांत फिरायची, झाडाचा फोटो काढायची, जागा, माती, फूल कधी आलं ते टिपायची आणि सगळं लॅपटॉपमध्ये भरायची.

तो लॅपटॉप अगदी छोटा होता, शाळेच्या पाटीपेक्षा थोडा मोठा. स्वस्तातला आणि मुळातच हळू. सुरू करून चहा ठेवावा, चहा पिऊन व्हावा, तेव्हा कुठं पडदा उजळायचा. आतली जुनी फिरती डिस्क काढून नव्या प्रकारची, न फिरणारी डिस्क टाकली आणि रॅम वाढवली तर तोच लॅपटॉप पळायला लागेल, हे मी वाचलं होतं. मी तसं जेवताना म्हणालो.

मुलगा म्हणाला, "बाबा, तुमचा जमाना वॉल्व्हचा. हे नागपूरले नेऊ."

"वॉल्व्ह असो का चिप असो, करंट तोच राह्यते," मी म्हणालो.

"करंट तोच, पन डोळे तेच हायेत का?"

बायको हसली. सूनही हसली, पण लगेच म्हणाली, "बाबाच करतीन. फक्त बाबा, या पावसाळ्याचं सगळं त्याच्यातच हाय. दुसऱ्या डिस्कवर घ्याचं राह्यलं. दसरा झाला की रविवारी मी काढून घेते, मंग उघडजा. तोवर थांबजा."

"थांबतो ना," मी म्हणालो.

पार्ट कुरिअरनं आले. विंडोज भरूनच मागवलेली नवी डिस्क हातात घेतली तर बिस्किटाइतकी हलकी. मी पाकीट टेबलाच्या खणात ठेवलं आणि दिवसातून चार वेळा काढून पाहू लागलो. ज्याच्याकडं महिनाभर उघडायला काही नाही, अशा माणसासमोर नवे पार्ट ठेवले तर काय होतं, ते मी आता लपवणार नाही. दसऱ्याच्या आदल्या दिवशी दोघं कामावर गेली. लॅपटॉप घरीच होता. मी ठरवलं की उद्या पूजेच्या वेळी ती लॅपटॉप लावेल आणि तो चटकन उजळेल, तेव्हा मुलाचं तोंड पाहायचं. जुनी डिस्क तर हातातच राहणार होती. त्यातलं सगळं ती नंतर काढू शकली असती. मी स्वतःला असं समजावलं.

मी लॅपटॉप उलटा केला. खाली नऊ स्क्रू दिसत होते, आणि दोन रबरी पायांच्या आड दडलेले होते. ते शोधून काढले तेव्हा मला आनंद झाला. माझी जुनी रीत अशी की थर्मोकोलच्या तुकड्यावर झाकणाचा आकार काढायचा आणि जो स्क्रू जिथून निघाला तिथंच तो टोचायचा. म्हणजे लांब स्क्रू आखूड भोकात जात नाही. जुनं एटीएम कार्ड फटीत घालून कडेकडेनं झाकण सोडवलं. आधी बॅटरीची पिन काढली. मग डिस्कचे चार स्क्रू, मग तिची वायरची पट्टी. काम इतकं नेटकं झालं होतं की कोणी पाहायला नाही याचं वाईट वाटलं.

इथं थांबलो असतो तर काही बिघडलं नसतं. पण माझी आणखी एक रीत होती. काढलेला पार्ट आधी टेबलावर करंट देऊन तपासायचा, मगच बाजूला ठेवायचा. सून म्हणाली होती की ती डिस्क मधूनमधून कर्रकर्र करते. मला ते ऐकायचं होतं. ऐकून सांगायचं होतं की वेळेवर काढली, नाहीतर गेलीच असती.

घरच्या करंटचे हवे तेवढे व्होल्ट करून देणारा, मीच बनवलेला एलिमिनेटर माझ्याकडं होता. त्याच्या बटणाला चार खटके : तीन, पाच, नऊ, बारा. आकडे कधीच पुसले गेले होते. मी बटण आधी डावीकडं शेवटपर्यंत न्यायचो आणि मग खटके मोजायचो. चाळीस वर्षांत कधी चुकलो नाही, कारण कधी मोजायचं सोडलं नाही. त्या दिवशी मोजलं नाही. छोट्या डिस्कला पाच व्होल्ट लागतात. आदल्या दिवशी मी भजनी मंडळाचा ॲम्प्लिफायर बारावर तपासला होता आणि बटण तिथंच होतं. जुन्या कॉम्प्युटरची कापून ठेवलेली पिन डिस्कला लावली, तांबडी वायर तांबडीला, आणि स्विच दाबला.

चट् असा अगदी बारीक आवाज आला. मग वास. चिप जळल्याचा वास प्लास्टिकसारखा नसतो. गोडसर असतो आणि घशात जाऊन बसतो. डिस्क उलटी करून भिंग लावलं. तिच्या हिरव्या सर्किट-बोर्डवर तिळाएवढा काळा डाग होता.

पडदा हलला. बायको दारात उभी होती. उद्याच्या पूजेसाठी भाजी चिरायची पावशी घासत होती, हाताला राख होती.

"अजी, काय जळून राह्यलं?"

"काई नाई. प्लास्टिकले सोल्डर लागला."

ती क्षणभर उभी राहिली. टेबलाकडं पाहिलं, उघड्या लॅपटॉपकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं.

"बरं," ती म्हणाली. "आटपा मंग. तुमचे हत्यारं पुसून द्याचे हायेत मले."

ती गेली. मी डिस्क परत आत बसवली. सगळे स्क्रू थर्मोकोलवरून जिथले तिथं लावले. नवे पार्ट पाकिटात, पाकीट खणात. कोणी उघडला होता असं कुणाला वाटलं नसतं. इतक्या काळजीनं मी कुठलंच यंत्र बंद केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चौरंगावर पूजा मांडली. पावशी, माझे पेचकस, सोल्डरिंगची कांडी, तिची शिवणयंत्राची कात्री, आणि मधोमध लॅपटॉप. पुस्तकं उघडून ठेवतात तसा बायकोनं तोही उघडून ठेवला होता. हळद-कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, तांब्यात झेंडूचं फूल बुडवून सगळ्यांवर शिंपडलं. मी मागं उभा होतो. तिला थांबवलं नाही. खरं सांगायचं तर पाणी शिंपडताना पाहिलं तेव्हाच माझ्या मनात आलं, की ही वाट बरी आहे.

पूजा झाल्यावर सुनेनं लॅपटॉप लावला. काळ्या पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली, डिस्क सापडत नाही अशी. तिनं बंद करून पुन्हा लावला. तीच ओळ. तिसऱ्यांदा तीच.

"बाबा, तुमी उघडला तं नव्हता ना?"

"नाई. तू रविवारी म्हणली होती ना."

मग सगळ्यांचे डोळे तांब्याकडं गेले. बायको म्हणाली, "मी तं फुलानंच शिंपडलं. चार थेंब नसन पडले."

मी म्हणालो, "आत गेलं असन पाणी."

त्या घरात अशा बाबतीत माझा शब्द शेवटचा होता. मी एवढं बोललो आणि ती माझ्याकडं वळली. किती वेळ पाहत होती ते मला सांगता येणार नाही, फार नसेल. मग तिनं तांब्या खाली ठेवला.

"गेलं असन," ती म्हणाली.

मुलगा चिडला. "तुले कोनं सांगतलं होतं मशीनची पूजा कराले? तुह्या पावशीसारखं हाय का ते?" सून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. दुपारी बायकोनं सगळ्यांना वाढलं. मी म्हणालो, तू पण बस. "तुमी जेवा," ती म्हणाली. संध्याकाळी आपट्याची पानं देताना तिनं सुनेचा हात धरला. "माफ करजो बेटा," म्हणाली. सून रडली. सासू सुनेची माफी मागत होती आणि मी तिथंच, हातात पानं घेऊन उभा होतो.

एवढ्यावर थांबलं असतं तर त्याला घाबरटपणा म्हणता आला असता. पुढचं तसं नाही.

मी म्हणालो, नागपूरला मीच नेतो. मला एकट्याला जायचं होतं. तिथला दुरुस्तीवाला माझ्या मुलाच्या वयाचा असेल. त्यानं झाकण उघडलं, डिस्क काढली, काळा डाग पाहिला आणि हसला.

"काका, ये पानी का काम नहीं है. किसीने बारा वोल्ट ठोका है."

मी त्याच्या टेबलावरचे पेचकस पाहत राहिलो.

"लेकिन अंदर का माल ठीक होगा," तो म्हणाला. "इसी नंबर का दूसरा बोर्ड मिल गया तो सब निकल आएगा. छोड़ के जाओ. महिना लगे, दो महिना लगे, मैं ढूंढता हूँ."

त्यानं एक कागद पुढं केला. त्यावर मालकाचं नाव, फोन नंबर आणि बिघाडाचं कारण लिहायचं होतं. मालक सून. तिचा नंबर लिहिला की बोर्ड सापडल्यावर हा तिला फोन करणार, आणि बारा व्होल्टचं तिला सांगणार. माझा नंबर लिहिला असता तरी चाललं असतं, हे मला परतताना जाम गाव मागं पडल्यावर सुचलं. पण तेव्हाही मी उतरून मागं गेलो नाही. कारण फोटो परत आले असते तर ते कसे परत आले, हा प्रश्न आला असता. खणातून सोबत नेलेली नवी डिस्क आणि रॅम मी त्याच्याकडून लॅपटॉपमध्ये बसवून घेतली. जुनी वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत टाकली. घरी सांगितलं, "नाई निघत म्हंते. पाण्यानं गेली. फेकून दे म्हणला, फेकली."

ती डिस्क माझ्या खणात, जुन्या रेडिओच्या वॉल्व्हच्या डब्यात होती. पाच वर्षं.

सुनेला तो पावसाळा पुन्हा करावा लागला. म्हणजे पुढचं एक वर्ष गेलं. कॉलेजात कायमची जागा निघाली तेव्हा तिचा प्रबंध पुरा नव्हता. ती जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. ती बायकोला एका शब्दानं बोलली नाही. पण सुरुवातीचे महिने घरात एक थंडी होती. लॅपटॉप ती वरच्या फळीवर ठेवायची. बायको झाडायला आली की त्या फळीपासून दोन हात लांबून जायची, आणि सणाला लांबूनच त्याला हात जोडायची.

मृगानंतर पहिली झड उघडली, तेव्हा सून पिशवी घेऊन निघाली. बायकोनं पण पायात चप्पल घातली.

"आई, तुमी कुठी?"

"तुह्यासोबत. मले झाडाचे नावं माहीत हायेत. तुले पुस्तकातलेच माहीत."

तिचे गुडघे तेव्हाच दुखायचे. तरी ती चार महिने फिरली. एसटीनं गिरडला जायच्या, टेकडी चढायच्या, उतरताना वावरा-वावरांतून यायच्या. केना, तरोटा, काटेमाठ, कुंजर, बायकोला सगळं माहीत. कुठलं गवत ढोरं तोंडात घेत नाहीत, कुठलं बाळंतिणीला देतात. सून लिहून घ्यायची. फोटोत झाडाशेजारी पट्टी धरावी लागते, माप कळावं म्हणून. ती पट्टी बायको धरायची. प्रबंधातल्या जवळजवळ सगळ्या फोटोंत तिचा हात आहे. हिरव्या बांगड्या, चिखल लागलेली नखं.

संध्याकाळी दोघी हसत यायच्या. एकदा सून पायरीवरूनच सांगत होती, "बाबा, ऐका. वावरातल्या बायाइनं विचारलं, काय शोधून राह्यल्या वो? तं आई म्हंते, माही सून डॉक्टर होऊन राह्यली. त्या म्हंतात, कशाची? आई म्हंते, गवताची."

"मंग खोटं हाय का?" बायको म्हणाली. "माणसाचे डॉक्टर गल्लोगल्ली हायेत."

जेवण झाल्यावर मी तिच्या गुडघ्यांना तेल लावायचो. एकदा न राहवून म्हणालो, "एवढं काऊन फिरतं? तिले सांग, नाई होत."

"माह्या हातून झालं," ती म्हणाली. "मंग कोन फिरन? तुमी?"

मी तेल लावत राहिलो.

प्रबंध बांधून आला तेव्हा तिनं चष्मा लावला आणि ते पान बोट फिरवत स्वतः वाचलं. मग पुस्तक माझ्या हातात दिलं. "वाचा तुमी." मी मोठ्यानं वाचलं, त्या वाक्यासकट. माझा आवाज जरासुद्धा कापला नाही, याची मला आजही लाज वाटते.

"चांगलं लेहलं पोरीनं," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "तुमचं नाव नाई कुठं याच्यात."

मी पान उलटलं.

हिवाळ्यात ती गेली. आजार मोठा नव्हता, दहा-बारा दिवसांचा. त्या दिवसांत मी तिच्या उशाशी बसलेलो असायचो आणि रोज ठरवायचो. एकदा म्हणालोही, "तुले एक सांगाचं हाय." ती म्हणाली, "सांगजा ना मंग. आता पडू द्या." नंतर तशी वेळ आली नाही. किंवा आली आणि मी घेतली नाही. दुसरंच खरं.

या वर्षी पोळा झाल्यानंतर सून लॅपटॉप घेऊन माझ्या टेबलाशी आली. तोच छोटा. आता तिच्याकडं कॉलेजचं काम जास्त असतं, डिस्क भरली होती, रॅमही पुरत नव्हती. तिनं पार्ट मागवले होते.

"बाबा, तुमीच उघडा. मी बसते बाजूले, स्क्रू देते. सगळं काढून घेतलं मी आधीच, भेव नाई."

मी थर्मोकोल काढला. माझे हात आता थरथरतात, म्हणून रबरी पायांखालचे स्क्रू तिनं काढले. झाकण उघडलं. पंख्याच्या जाळीत काहीतरी अडकलं होतं. तिनं चिमट्यानं अलगद काढून तळहातावर घेतलं. कुंकवानं रंगलेला तांदळाचा दाणा होता. रंग अजून तसाच.

"आईची अक्षता," ती म्हणाली. "किती आतपर्यंत गेली पाहा. पाणी बी इथूनच उतरलं असन."

मी पेचकस फिरवत राहिलो. मग तिचं बोट बोर्डवर एका जागी थांबलं. कीबोर्डच्या खालच्या बाजूला एक छोटा पांढरा ठिपका चिकटवलेला होता, टिकलीएवढा.

"हे काय राह्यते, बाबा?"

मी काहीही सांगू शकलो असतो. नंबराचं लेबल आहे म्हटलं असतं तर तिनं मानलं असतं. पाच वर्षं माझं सगळं मानलंच होतं. पण तांदळाचा तो दाणा तिच्या दुसऱ्या तळहातावर होता, आणि गेलेल्या बाईविरुद्ध तो पुरावा म्हणून धरला जात होता.

"कंपनी लावते," मी म्हणालो. "आत पाणी गेलं का नाई ते कळावं म्हून. एक थेंब लागला तरी लाल होते. मंग पांढरं होत नाई परत."

तिनं वाकून पाहिलं. मोबाइलचा उजेड पाडून पाहिलं.

"हे तं पांढरंच हाय."

"हाव."

"म्हंजे पाणी…"

"आत गेलं नव्हतं," मी म्हणालो.

मग मी खण उघडला, वॉल्व्हच्या डब्यातून वर्तमानपत्राची पुडी काढली आणि तिच्यासमोर ठेवली. सगळं सांगितलं. खटके न मोजल्याचं, वासाचं, स्क्रू परत लावल्याचं. नागपूरच्या माणसाचं सांगताना मला थांबावं लागलं. ती म्हणाली, "बोला." मी बोललो.

तिनं डिस्क हातात घेतली, उलटी केली, काळा डाग पाहिला.

"निघू शकत होतं हे सगळं?"

"हाव."

"अन् तुमी आईले फिरू देल्लं."

मी वर्तमानपत्राच्या कागदाची घडी घातली.

"आईले माहीत होतं का, बाबा?"

"मी नाई सांगतलं."

"ते नाई विचारलं मी." तिचा आवाज चढला नव्हता. "वासावरून आई सांगे ना, काय जळलं ते? ट्रान्सफॉर्मर का वायर? तुमीच सांगता सगळ्याइले हसून हसून. मंग त्या दिवशी आईले कळलं नसन का?"

पाच वर्षं मी याच प्रश्नापाशी येऊन थांबतो. तिनं दारात उभं राहून वास घेतला होता. उघडा लॅपटॉप पाहिला होता. दुसऱ्या दिवशी सून म्हणाली, तुम्ही उघडला होता का, तेव्हा ती तिथंच होती आणि मी नाही म्हणालो. तरी ती आधी म्हणाली, चार थेंबही पडले नसतील; आणि मी बोलल्यावर म्हणाली, गेलं असेल. एकतर तिनं स्वतःच्या डोळ्यांपेक्षा माझ्या शब्दावर विश्वास ठेवला. नाहीतर तिला कळलं होतं, आणि मुला-सुनेसमोर मला खोटं पाडण्यापेक्षा तिनं ते स्वतःवर घेतलं, आणि मग ती त्या गुडघ्यांनी टेकडी चढली. मी रोज यातलं एक निवडायचा प्रयत्न करतो. निवडून काही हलकं होत नाही.

सून उठली. लॅपटॉप तसाच उघडा ठेवून गेली. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. ताट वाढायची, बाजूला ठेवायची. तिसऱ्या दिवशी दुकानात आली आणि म्हणाली, "ते पुरं करा. मले काम हाय त्याच्यावर." मी पार्ट बसवले. ती बाजूला बसली नाही. मुलाला तिनं काही सांगितलेलं नव्हतं. ते तिनं माझ्यासाठी ठेवलं होतं, आणि मी ते रोज उद्यावर टाकत होतो.

दसऱ्याला पूजा तिनंच मांडली. पावशी, माझे पेचकस, कात्री. मग वरच्या फळीवरून लॅपटॉप काढून मधोमध ठेवला आणि उघडला, सासू उघडायची तसा. पाच वर्षांत तो पहिल्यांदा चौरंगावर आला होता. हळद-कुंकू वाहून तिनं तांब्यात फूल बुडवलं.

"अवं, पाणी नको," मुलगा पुढं झाला. "मागं काय झालतं, इसरली का?"

तिनं फूल शिंपडलं. थेंब पडद्यावर पडले, कीबोर्डच्या कडेला पडले.

"मले काऊन विचारता?" ती म्हणाली. "काय झालतं ते बाबाले विचारा."

मुलगा माझ्याकडं वळला. आता उद्या नव्हता. मी उभ्यानंच सांगितलं, सुनेला सांगितलं होतं त्याहून कमी शब्दांत. तो ऐकत होता आणि मधेच त्याचं लक्ष माझ्यावरून उडून चौरंगावरच्या पावशीकडं गेलं. तो काय आठवत होता ते मला कळलं.

"मी आईले काय काय बोललो त्या दिवशी," तो म्हणाला. मला नाही, कुणालाच नाही. मग बाहेर जाऊन दुकानाच्या पायरीवर बसला. जेवायला बोलावलं तर आला नाही. सुनेनं पदरानं थेंब टिपले आणि लॅपटॉप लावला. तो चटकन उजळला.

संध्याकाळी तिनं मला कोरे कागद आणून दिले. "लेहून द्या," म्हणाली. "आईबद्दल मी छापलं हाय, ते तुमीच खोडा. तुमच्या हातानं."

म्हणून हे लिहिलं. प्रबंधाची एक प्रत घरात, बायकोच्या कपाटात आहे. त्यातल्या आभाराच्या पानापाशी हे कागद ठेवले जातील. विद्यापीठाच्या ग्रंथालयात जी प्रत आहे, तिच्यात ते वाक्य तसंच राहणार. तिथं ते कुणी वाचलं तर माझ्या बायकोच्या हातून चूक झाली होती असंच समजेल. तिच्या हातून चूक झाली नव्हती. तिनं फुलानंच शिंपडलं होतं, आणि चार थेंबही आत गेले नव्हते.